पेटीतला सात-बारा

कयाधू नदीच्या काठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. आषाढी एकादशीला पंढरपूरला गेलेले वारकरी परतताना आषाढ वद्य एकादशीला नामदेवांच्या दर्शनासाठी येथे येतात. या वारीला परतवारी म्हणतात. परंपरेने १२७० हे नामदेवांचे जन्मवर्ष मानले जाते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट असल्यामुळे पंजाबातूनही भाविक नरसीला येत असतात. अशा गावाचे नाव घेऊन मी हाँगकाँगच्या एका मारधाडीच्या चित्रपटाविषयी लिहिणार आहे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु माझ्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकाच रात्री आल्या आणि त्यांची फारकत करणे मला आजवर जमलेले नाही.

साल १९८८. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला; तोवर हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. मी नुकताच दहावीच्या वर्गात गेलो होतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आषाढात पेरणी आणि कोळपणी यांच्या गडबडीमुळे अण्णांना पंढरपूरची वारी साधत नसे. परतवारी मात्र ते चुकवीत नसत. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेले. रात्री कीर्तन होते. बुवांनी औंढा नागनाथाची कथा लावली होती. नामदेव औंढ्याला देवळासमोर कीर्तन करीत असता तेथील पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे जाण्यास फर्मावले. नामदेव मागे गेले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. ही कथा मला तोंडपाठ होती. देऊळ फिरण्याच्या आधीच मी अण्णांच्या पाठीमागून निसटलो.

बाहेर पाऊस लागला होता. चिखलातून वाट काढीत मी जत्रेच्या टोकाला एका पत्र्याच्या शेडपाशी पोहोचलो. एरवी खतांची आणि सरकीची पोती ठेवण्याची ती जागा. त्या रात्री तेथे टेबलावर रंगीत टीव्ही आणि त्याखाली व्हीसीआर मांडलेला होता. दोन रुपये देऊन आत शिरलो. ओल्या घोंगड्यांचा, सरकीचा आणि विड्यांचा एकत्र वास अजून माझ्या नाकात आहे. पडद्यावर, म्हणजे त्या एकवीस इंची काचेवर, डोंगरउतारावरच्या झोपड्यांतून मोटारी धडाधड खाली येत होत्या.

तो चित्रपट होता जॅकी चॅनचा ‘पोलीस स्टोरी’. हाँगकाँगमध्ये १९८५ साली निघालेला. दिग्दर्शक तोच, नायकही तोच. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. नाव इंग्रजीत येऊन गेले असावे. संवादही इंग्रजीत होते, पण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात ते कोणत्या भाषेत आहेत याने काहीच बिघडत नव्हते. बिघडू नये याची तजवीजही होती. व्हीसीआरच्या संचाबरोबर आलेला एक पंचविशीचा तरुण टीव्हीच्या बाजूला उभा राहून पावसावर आवाज चढवून मराठीत कथा सांगत होता.

“हा आपला फौजदार हाय बगा. अन् तो सुटातला म्हातारा हाय ना, त्यानं समद्या गावच्या जमिनी दाबल्यात. ते बगा, गरिबाची घरं कशी पाडायलेत!”

पुढे एक स्त्री आली. ती म्हाताऱ्याची भाची असून मामाच्या पापाला कंटाळली आहे, असे त्याने सांगितले. दुसरी स्त्री आली. ती फौजदाराची ठरलेली नवरी. शेवटी एका मोठ्या दुकानात एका पेटीवरून तुंबळ हाणामारी सुरू झाली. “त्या पेटीत सात-बारे हायेत! पेटी हातची गेली की गाव गेलं!” शेडमधील शंभरएक माणसे त्या पेटीकडे अशी पाहू लागली की जणू तीत त्यांच्याच जमिनीचे उतारे होते. काहींच्या बाबतीत ते अगदीच खोटेही नसावे.

पुढे अकराएक वर्षांनी, पुण्यात भाषाविज्ञानाचे संशोधन करीत असताना एका मित्राच्या खोलीवर मी तोच चित्रपट सीडीवर पाहिला. तेव्हा कळले की त्या तरुणाने सांगितलेल्या कथेतील जवळजवळ एकही गोष्ट खरी नव्हती. सुटातला म्हातारा अमली पदार्थांचा व्यापारी आहे. ती स्त्री भाची नसून त्याची सेक्रेटरी आहे आणि तिला त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे. पेटीत त्याच्या काळ्या धंद्याची, संगणकातून काढलेली माहिती आहे. नायकावर खुनाचा खोटा आळ येतो, तो निर्दोषत्व सिद्ध करू पाहतो. एवढेच. नीट सांगितले तर ही कथा पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूवर मावते. मधला विनोद पुष्कळदा बाळबोध आहे. नायकाच्या तोंडावर केक फासला जातो आणि तेथे हसणे अपेक्षित असते. स्त्रियांना रुसणे, घाबरणे आणि धडपडणे याखेरीज फारसे काम दिलेले नाही, हे तर आज पाहवत नाही. एकच प्रसंग मला भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार आवडला. दूरच्या एका ठाण्यावर बदली झालेला नायक एकटाच चार-पाच दूरध्वनी सांभाळतो आहे. एक कानाला, एक खांद्यावर, तिसऱ्याची वायर पायात. याचे उत्तर त्याला आणि त्याचे याला. बोलण्याचीच तेथे कसरत झाली आहे.

परंतु मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. आरंभीच्या प्रसंगात गुंड आणि पोलीस अशा दोघांच्याही मोटारी डोंगरावरची झोपडपट्टी चिरडीत खाली येतात. पत्रे, फळ्या, बांबू, संसार हवेत उडतात. मूळ चित्रपट त्या घरांतल्या माणसांकडे पुन्हा वळूनही पाहत नाही; ते घडले कारण ते प्रेक्षणीय होते. नरसीच्या शेडमधल्या त्या तरुणाने मात्र आपली कथा तेथूनच सुरू केली होती. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी फौजदार लढतो आहे, असे त्याने ठरवून टाकले आणि मग पुढचा प्रत्येक ठोसा त्या घरांच्या नावाने पडू लागला. चुकीची कथा खरीपेक्षा अधिक न्यायी होती. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप याने १९२८ साली लोककथांतील घटनांची ३१ कार्ये दाखवून दिली, हे तुमच्यापैकी काहींनी लोकसाहित्याच्या अभ्यासात वाचले असेल. पात्रे बदलतात, कार्ये तीच राहतात, असे त्याचे म्हणणे. त्या तरुणाने प्रॉप वाचला असण्याची शक्यता नाही. पण रिकाम्या जागा कोणत्या आणि त्यात आपल्या गावचे काय बसते, हे त्याला नेमके उमगलेले होते.

त्याच्या भाषेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. संवाद असले की तो कथा रचीत असे. हाणामारी सुरू झाली की मात्र त्याची वाक्ये तुटत, कर्ता गळे, कर्म गळे, आणि उरत ती केवळ क्रियापदे व ध्वन्यनुकारी शब्द. “घसरला... निसटला... धरलं! कलंडला... दाणकन!” मराठीत पडण्याला किती शब्द आहेत, हे मला त्या रात्री प्रथम जाणवले असावे. माणूस पडतो, झाड कोसळते, भिंत ढासळते, दगड गडगडतो, भांडे कलंडते, पाय घसरतो, तोल जातो, ठेच लागते, पाठ आपटते. यांतील प्रत्येक शब्दात पडणाऱ्या वस्तूचे वजन, वेग आणि तिची आधीची स्थिती साठवलेली आहे. झाड ढासळत नाही आणि भिंत कलंडली तर ती अजून पुरती पडलेली नसते. ‘-कन’ हा प्रत्यय तर अजब कारखाना आहे. धपकन, दाणकन, खळ्ळकन, सर्रकन, खाडकन. मुळात नादाला तो लागतो आणि बघता बघता एक क्रियाविशेषण तयार होते. त्यातून ऐकणाऱ्याला वस्तू मऊ होती की कठीण, पोकळ होती की भरीव, हे शब्दकोश न उघडता कळते. काच फुटताना तो तरुण कधीही ‘धपकन’ म्हणाला नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत या शब्दांना चार ओळींची जागा मिळते. माझ्या प्रबंधात त्यांना एक संपूर्ण प्रकरण मिळाले. त्याचे श्रेय ऋणनिर्देशात मी ज्यांना दिले, त्यांत तो तरुण नव्हता.

आता त्या प्रसंगाकडे येतो. बहुमजली दुकानाच्या मधोमध एक उभा खांब आहे, त्याभोवती वरपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या आहेत. पेटी खाली पोहोचली आहे आणि नायक वरच्या मजल्यावर आहे. तो कठड्यावर चढतो, हवेत उडी घेतो, खांब धरतो आणि दिवे फोडीत, ठिणग्या उडवीत खालपर्यंत घसरत येतो. तेथे काचेचे छत फोडून जमिनीवर आदळतो. आणि उठून पुन्हा मारामारीला लागतो. शेडमधला तरुण त्या क्षणी काहीच बोलला नाही. चित्रपटात तो क्षण वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ पुन्हा दाखवला आहे, तरी शेडचे समाधान झाले नाही. “पुन्हा! पुन्हा!” असा गलका झाला आणि त्याने टेप मागे फिरवली. जगातील कोणत्याही प्रेक्षकाने हे केले असते, पण मराठी प्रेक्षकाला तर त्याची जुनी सवय आहे. संगीत नाटकात पद रंगले की ‘वन्स मोअर’ येई आणि कथानक हात बांधून बाजूला उभे राही. नायिका कितीही संकटात असो, ती परत मध्यभागी येऊन तेच पद आळवीत असे आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नसे. बालगंधर्वांचे पद तीन-तीनदा घेणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना ‘कथानक क्षीण आहे’ असे कोणी म्हणाले असते, तर त्यांनी त्याला पानाचा विडा देऊन गप्प बसवले असते.

चित्रपट संपला. नावे वर सरकू लागली आणि त्यांच्याजोडीला फसलेल्या कसरतींचे तुकडे दिसू लागले. ही या चित्रपटाची, किंबहुना या नटाची, विशेष रीत आहे. उडी चुकलेली, काच अंगात गेलेली, सहकारी धावत येऊन उचलून नेत असलेली माणसे. त्या खांबावरून घसरताना तापलेल्या दिव्यांमुळे जॅकी चॅनचे हात भाजले होते आणि पाठीला व कमरेला इजा झाली होती, हे मी पुष्कळ पुढे वाचले. पुढच्याच वर्षी, १९८६ साली आलेल्या ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात युगोस्लाव्हियामध्ये झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती आणि तो थोडक्यात वाचला. शेडमध्ये यांतले काहीच कोणाला माहीत नव्हते. लोक उठून घोंगड्या झटकू लागले होते. एवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी पडद्याकडे बोट करून म्हणाली, “अगं बाई, लेकराला खरंच लागलं की!”

लोक उभ्याउभ्याच थांबले. आतापर्यंत जे हसत होते, शिट्या वाजवीत होते, ते गप्प राहून शेवटपर्यंत बघत राहिले. तरुणाने टीव्हीचा आवाज बंद केला. का, ते त्यालाच ठाऊक.

परतलो तेव्हा कीर्तन उलगले होते. अण्णा मंडपाच्या कडेला माझी चप्पल हातात घेऊन बसले होते. ते रागावले नाहीत. वाटेत बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारले, “काय गोष्ट होती रं त्यात?” कीर्तनाहून आल्यावर ते आम्हा भावंडांना नेहमी असे विचारीत आणि आख्यान नीट सांगता आले नाही तर उदास होत. मी सात-बाऱ्याची हकिकत सांगू लागलो. दोन वाक्यांत ती संपली. मग मी खांब सांगितला, आणि ती म्हातारी सांगितली. अण्णा म्हणाले, “मग कीर्तनातून उठून जायला एवढं पुरलं?” या प्रश्नात उपहास होता की खरोखरच कुतूहल, हे मला आजही ठरवता येत नाही. ते आता नाहीत.

साहित्यशास्त्राचे शिक्षण घेताना मला या रात्रीकडे पाहण्याची एक सोपी चौकट सापडली. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे तीन स्तर सांगितले आहेत. व्यंग्यार्थ प्रधान असलेले ते उत्तम. व्यंग्य गौण झालेले ते मध्यम. आणि ज्यात व्यंग्य नाही, शब्दांची किंवा अर्थाची केवळ कारागिरी आहे, ते ‘चित्र’ म्हणजे अवर काव्य. खड्गबंध, पद्मबंध यांसारख्या रचना याच कुळातल्या. ‘पोलीस स्टोरी’ म्हणजे चित्रकाव्य, असा मी निकाल दिला. त्यात ध्वनी नाही, म्हणजे आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेला ध्वनी नाही. दाणकन आणि खळ्ळकन मात्र भरपूर आहे. अनेक वर्षे वर्गात मी हा विनोद केला आणि तो दरवर्षी यशस्वी झाला.

त्या चौकटीत एक अडचण होती, ती मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. पद्मबंध रचताना कवीचा हात मोडत नाही. चित्रकाव्यातली कसरत शब्दांची असते. येथे ती हाडांची आहे. हा नट सातव्या वर्षी हाँगकाँगमधल्या चिनी संगीतनाट्याच्या शाळेत दाखल झाला आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहून कोलांट्या, शस्त्रे, गायन आणि अभिनय शिकला. तेथील शिस्त अतिशय कठोर होती. म्हणजे आपण ज्याला परदेशी मारधाडपट म्हणतो, त्याच्या मुळाशी एक जुनी लोकरंगभूमी आहे. आपल्याकडचा डोंबारी, मल्लखांब आणि तमाशातील सोंगाड्या यांना एका घरात नांदवले तर जे होईल त्याच्या जवळपासचे काही. डोंबाऱ्याच्या खेळालाही कथानक नसते. पोर दोरीवर चालते, खाली बाप ढोलके वाजवतो; दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे हाच आरंभ, मध्य आणि अंत. ते पोर शाळेत का नाही, हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात आला तर खेळ तेथेच संपतो, म्हणून तो बहुधा येऊ दिला जात नाही.

आणि ही आवड आपल्याकडे हाँगकाँगहून आली असेही नाही. मूकपटाच्या काळात डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ने (१९२४) मुंबईकरांना वेड लावले होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीच्या मूकपटांतून इतके लोकप्रिय झाले की त्यांना भारताचा फेअरबँक्स म्हणत. १९३१ साली अर्देशिर इराणी यांनी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट काढला तेव्हा नायक म्हणून त्यांनाच घेतले. आधीच्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला आणि विठ्ठलांचे वकीलपत्र बॅरिस्टर जिना यांनी घेतले, हा इतिहासातला एक गमतीदार योगायोग. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. विठ्ठलांची जीभ हिंदुस्थानी संवादांना सरावलेली नव्हती. त्यामुळे त्या बोलपटात त्यांचा नायक बराचसा काळ गुंगीतच दाखवावा लागला, असे सांगतात. देशातला पहिला बोलणारा चित्रपट, आणि त्याच्या नायकाला बोलणे टाळावे लागते! चार वर्षांनी आलेल्या ‘हंटरवाली’ची (१९३५) नायिका नादिया ही ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स. तिचेही हिंदी कच्चेच. वाडिया बंधूंनी तिला थोडे बोलू दिले आणि पुष्कळ धावू दिले: घोड्यावरून, छपरांवरून, रेल्वेच्या डब्यांवरून. बोलीभाषेच्या आधारे माणसाची जात, गाव आणि पायरी क्षणात ओळखणाऱ्या आपल्या समाजात, ज्याला बोलता येत नाही त्यालाही नायक होता आले, ते फक्त या क्षीण कथानकाच्या चित्रपटांत. भाषेचा अभ्यासक म्हणून हे कबूल करताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

हे सगळे मला ठाऊक होते, ही माझी अडचण आहे. कारण काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम करीत असताना, बी.ए.च्या एका विद्यार्थ्याचा गृहपाठ माझ्याकडे तपासायला आला. निबंधाचा विषय होता ‘मला आवडलेला चित्रपट’. विद्यार्थी चाळिशीचा, कंत्राटावर वायरमन म्हणून काम करणारा. त्याने टीव्हीवर हिंदीत पाहिलेल्या जॅकी चॅनच्या एका चित्रपटावर लिहिले होते. तो चित्रपट कोणता, हे त्यानेही लिहिले नव्हते. पण खांब होता, दिव्यांच्या माळा होत्या. मी दहापैकी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने शेरा मारला: ‘कथानक सांगितलेले नाही. आशयाचा विचार नाही. केवळ मारामारीचे वर्णन.’ त्या दिवशी माझ्यापुढे साठ गृहपाठ होते, हे कारण म्हणून सांगता येईल. ते पुरेसे नाही.

पुढच्या रविवारी संपर्कसत्रानंतर तो थांबला. वही हातात होती.

“सर, त्या पिक्चरला कथानक नव्हतंच. मग मी ते कुठून आणून लिहू?”

मी हसलो. तो हसला नाही. तुम्ही दुसरा परिच्छेद वाचला का, असे त्याने अतिशय नम्रपणे विचारले. मी वही घेतली आणि त्याच्यासमोर उभ्यानेच वाचू लागलो. त्याने लिहिले होते की खांब हाताने धरायचा नसतो, तो पायांनी धरायचा असतो. हात फक्त दिशेसाठी. त्या नटाने उडी घेताना आधी हात लावले आणि पाय नंतर आले, म्हणून तो घसरला; मुद्दाम घसरला की तसे झाले, हे सांगता येत नाही. पकड गुडघ्यांच्या आतल्या बाजूने असती तर वेग निम्मा झाला असता. खाली येताना त्याचा चेहरा खांबापासून दूर वळलेला होता. हे बरोबर आहे, कारण तोंड जवळ राहिले तर ठिणगी डोळ्यांत जाते. आणि शेवटी एक वाक्य होते: ‘मी पाच वर्षांपूर्वी पडलो तेव्हा मला हे माहीत होते, पण वेळ मिळाला नाही.’

हे वाक्य मी तपासताना ओलांडून गेलो होतो. त्याच्या खाली माझ्याच लाल पेनाची एक खूण होती. ‘माहीत’ हा शब्द त्याने ऱ्हस्व लिहिला होता, तो मी दीर्घ केला होता.

मी त्याला पडण्याविषयी विचारले. त्याने थोडक्यात सांगितले. लाइन बंद आहे असे सांगण्यात आले होते. ती बंद नव्हती. झटका बसून तो खाली आला तो नांगरलेल्या रानात, म्हणून जगला. डाव्या हाताची दोन बोटे अजून नीट मिटत नाहीत. नऊ महिने घरी होता. त्या काळात दुपारी टीव्हीवर तो चित्रपट लागला. “बायको म्हणाली, बंद करा, कशाला बघता. मी म्हटलं, राहू दे. हा पडतो न् उठतो, परत पडतो. अन् शेवटी खरं लागलेलं दाखवतेत. आमचं कुणी दाखवत नाही, सर.”

गुण केंद्राकडे पाठवून झाले होते. ते बदलण्याची पद्धत नाही. मी विचारून पाहिले. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, गुणांचे काही नाही, पास आहे ना. मग त्याने मला खरेच जाणून घ्यायच्या सुरात विचारले, की अशा पिक्चरवर निबंध लिहायचा झाला तर मग लिहावे तरी कसे? मी मम्मटापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला थांबलो. नरसीच्या शेडची हकिकत त्याला सांगितली. सात-बाऱ्याच्या पेटीपाशी तो पोट धरून हसला; म्हातारीचे सांगितले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि वहीच्या पुठ्ठ्यावरचे स्टिकर नखाने उचकटीत राहिला.

नंतर त्याने खांब कसा धरायचा ते मला दाखवले. व्हरांड्यात एक लोखंडी खांब होता. चप्पल काढून तो हातभर वर चढला, गुडघे आत दाबले आणि दोन्ही हात सोडून दिले. मिटत नसलेली ती दोन बोटे हवेत तशीच राहिली. बाकीचे विद्यार्थी आपापल्या पिशव्या घेऊन थांबले होते. एक अंगणवाडी सेविका, दोन होमगार्ड, बँकेतला एक शिपाई. कोणीतरी टाळी वाजवली.

तेवढ्यात वीज गेली. वर्गातले पंखे मंदावत थांबले आणि सगळ्यांनी एकदमच ‘गेली!’ म्हणून सुस्कारा टाकला. तो खांबावरून खाली उतरला, चप्पल पायांत सरकवली आणि गावाच्या दिशेने बघू लागला.

“परमिट घेतलं असंल,” तो म्हणाला. “कुणीतरी वर चढलाय.”

वीज येईपर्यंत तो तेथेच उभा होता.